दुसऱ्या चौकटीतली खूण

साडेअकराच्या चहाला क्षिप्राने संध्या घरतच्या हातात एक कागद ठेवला. "मॅडम, ही तुमची पोच. सगळ्यांच्या वाटून झाल्या, तुमचीच राहिली होती. आज माझा लास्ट डे ना, म्हटलं कोणाचं काही बाकी नको." एवढं बोलून ती आपला कप उचलून फुंकर मारत उभी राहिली. पोरगी कळंबोलीची, बी.कॉम. झालेली. सरकारने पदवीधरांना कामाचं प्रशिक्षण द्यायची योजना काढली त्यातून सहा महिन्यांसाठी उरणच्या या आयटीआयच्या आस्थापना शाखेत येऊन बसली होती आणि बसल्या बसल्या शाखेचं निम्मं काम ओढत होती. संध्याने डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला. निवृत्तिवेतनाचा विकल्प नमुना. वर तिचं नाव, पद शिल्पनिदेशक, शिवणकाम. खाली तिची सही, 'ध'ला नेहमीसारखी मोठी गाठ मारलेली. मध्ये दोन चौकटी. पहिली, सध्याची योजना चालू ठेवते. दुसरी, सुधारित योजना स्वीकारते. दुसऱ्या चौकटीत निळ्या शाईने बरोबरची खूण केलेली, शेपूट चौकटीबाहेर गेलेली. त्याखाली ठळक अक्षरांत, एकदा दिलेला विकल्प अंतिम व अपरिवर्तनीय राहील. आणि कोपऱ्यात बेलापूरच्या विभागीय कार्यालयाचा आवक शिक्का, बारा दिवसांपूर्वीचा.

ती खूण संध्याने केलेली नव्हती. तिने तिथे काहीच केलेलं नव्हतं. सहा महिने ती रोज मनातल्या मनात त्या दोन चौकटींपुढे उभी राहायची आणि परत फिरायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "ही खूण कोणाची गं?" तिने विचारलं. "माझी," क्षिप्रा म्हणाली. "तुमचा फॉर्म सही होऊन आलेला, पण चौकट कोरी. रावसाहेबांना विचारलं तर म्हणाले, टाक तूच बघून. मग मी बसून बघितलं मॅडम, असंच नाही टाकलं. जीआर पूर्ण वाचला, एक्सेलमध्ये टाकून बघितलं. ज्यांना मिस्टर-मुलं आहेत त्यांचं वेगळं पडतं. तुम्हांला कोणी नाही ना, मग दुसराच बरा. लाइफभर अर्धा पगार. काही टेन्शनच नाही." तिने हे इतक्या मायेने सांगितलं की संध्या "बरं केलंस" म्हणाली. म्हणून बसली. आणि मग चहा प्यायली, चहा गार झालेला होता.

आता रागवायचं तरी कोणावर? सही तर तिचीच होती. रावसाहेब, आस्थापनेचे जुने बाबू, त्यांची एक पद्धत होती, अख्ख्या संस्थेला अंगवळणी पडलेली. वर्षातून चार वेळा ते कागदांचा गठ्ठा घेऊन वर्गावर्गांतून फिरायचे. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली असायची. मत्तेचं विवरण, रजेचा हिशेब, कुठलंसं हमीपत्र, निवडणुकीच्या कामाची संमती. मजकूर कोण वाचतो? वेल्डिंगचे सर एका हातात मुखवटा धरून दुसऱ्या हाताने सह्या करायचे. संध्या मुलींना कळीचा कट शिकवता शिकवता, तोंडात टाचण्या धरून सह्या करायची. फुली दिसली की सही. वीस वर्षांत एकदाही त्यातून काही वाईट झालं नव्हतं, उलट रावसाहेबांनीच दोनदा तिची राहिलेली वेतनवाढ खोदून काढून दिली होती. तर या महिन्याच्या सुरुवातीला त्या गठ्ठ्यातच हाही कागद असणार. ती आठवायला बसली. वार कोणता होता? कापड कोणतं होतं टेबलावर? खादीचं होतं की ते चकाकणारं सॅटिन, ज्यावरून कात्री घसरते? काही केल्या तिला स्वतःला सही करताना दिसेना. आपण आपल्या जन्माची सही केली आणि आपण तिथे नव्हतो, असलं काहीतरी चमत्कारिक तिला वाटलं, आणि हसूही आलं.

दुपारचा वर्ग आटोपून ती रावसाहेबांकडे गेली. ते मार्चअखेरच्या बिलांत गळ्यापर्यंत बुडालेले. माणूस मूळचा करमाळ्याकडचा, तीस वर्षं पनवेलला राहून बोलणं जसंच्या तसं. "म्याडम, आता काय सांगू तुमाला," ते मान वर न करता म्हणाले, "सहा म्हयने तुमी बघते बघते करत व्हता. सगळ्या संस्थेनं इचारलं, घरत म्याडम काय घेणार? मी म्हनलं त्यास्नी येकदा ठरवू द्या. तुमचं ठरंना. मग पोरीला म्हनलं टाक. झालं ते चांगलंच झालं की." "पण मला विचारायचं," संध्या म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. रावसाहेबांनी तेव्हा मान वर केली. त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "बेलापूरला आज साडेपाचपतुर दुरुस्ती घेत्यात. लेखी अर्ज द्या, पैला विकल्प टाका, शिक्का मारून घ्या. जावा हातोहात. उद्या साक्षात देव आला तरी त्येला बी बदलता येनार न्हाई." त्यांनी तिला अर्जाचा मसुदाही लिहून दिला, हालचाल नोंदवहीत नाव टाकलं, आणि ती बाहेर पडली. क्षिप्राने वाटेत विचारलं, "मॅडम, चुकलं का काही माझं?" संध्या म्हणाली, "नाही गं बाई, तुझं गणित बरोबर आहे." आणि ते खरंच होतं, तीच तर अडचण होती.

बसला गर्दी नव्हती. खिडकीबाहेर कंटेनरांचे ट्रेलर एकामागे एक उभे, सगळे बंदराकडे तोंड करून. हे सगळं पूर्वी खारपाट होतं, तिच्या बापाच्या भाताची खाचरंही इथेच कुठेतरी. कुठे ते तिला आता नक्की सांगता आलं नसतं. ती दोन्ही योजना पुन्हा मनात मांडू लागली, शंभराव्यांदा. पहिलीत आपल्या पगारातून कापलेले आणि सरकारने घातलेले पैसे बाजारात फिरत राहतात. निवृत्तीला जे काय असेल त्यातलं काही हातात, काही महिन्याला. वाढलं तर वाढलं, बुडालं तर आपलं नशीब. पण आपण गेलो की उरलेलं ज्याचं नाव लिहिलंय त्याला मिळतं. दुसरीत मरेपर्यंत महिन्याच्या महिन्याला ठरलेले पैसे, बाजाराचं काही होवो. मागे नवरा असेल तर त्याला थोडे. नसेल तर आपल्याबरोबर सगळं संपलं, सरकारजमा. एवढंच होतं. वेल्डिंगच्या सरांनी पाच मिनिटांत ठरवलं होतं. संध्याला सहा महिने पुरले नाहीत, कारण तिला यात दोन प्रश्न ऐकू यायचे आणि दोन्ही सरकारने विचारलेले नव्हते. एक, तू किती जगणार? दोन, तुझं कोण?

किती जगणार म्हटलं की तिला बायजाबाई दिसायची. बायजाबाई बापाची थोरली बहीण, विसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून जासईला माहेरी परत आलेली, ती मग एक्क्याण्णवाव्या वर्षी गेली. सत्तर वर्षं भावाच्या आणि मग भाच्याच्या घरात. वाईट कोणी वागवलं नाही तिला, हेही सांगितलं पाहिजे. ताटात मासा असायचा, दिवाळीला लुगडं यायचं. पण शेवटची दहा वर्षं पडवीच्या कोपऱ्यात ती नुसती बसून असायची आणि कोणी आलं गेलं की अंग चोरायची, जणू जागा अडवल्याचा गुन्हा आपल्याकडून घडतोय. "मना कोन इचारतं गो," ती संध्याला म्हणायची, तक्रार म्हणून नव्हे, माहिती द्यावी तशी. घरातली पोरं तिला आत्या म्हणायची. संध्यालाही घरातली पोरं आत्या म्हणतात. नोकरीची ऑर्डर आली त्या दिवशी संध्या मनाशी म्हणाली होती, मी बायजाबाई होणार नाही. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, आई अर्धांगाने अंथरुणावर, ठरत आलेली दोन लग्नं त्यापायी राहिलेली. नंतर आई गेली, तोवर विचारणारे थांबले होते. तिला त्याचं फार दुःख झालं असंही नाही. कधी कधी ती स्वतःला चाचपून बघायची, दुःख आहे का म्हणून, आणि तिला तिथे काहीतरी लागायचं, पण ते दुःखच होतं की नुसती सवय, हे तिला आजवर ठरवता आलेलं नाही.

तर बायजाबाईच्या भीतीला उत्तर म्हणजे दुसरी चौकट. महिन्याच्या महिन्याला आपले पैसे. एक्क्याण्णव होवोत की शंभर, कोणाच्या पडवीत अंग चोरायला नको. क्षिप्राच्या एक्सेलमध्येही तेच निघालं. मग पहिल्या चौकटीपाशी ती का घुटमळत होती? श्रुतीसाठी. श्रुती तिच्या भावाची, हरेशची मुलगी. धाकट्या केयूरचा जन्म झाला तेव्हा श्रुती चार वर्षांची, बाळ रात्रभर रडतं म्हणून वहिनीने, सरस्वतीने, तिला "दोन दिवस झोपू दे ताईंकडे" म्हणून आत्याच्या खोलीत पाठवली. त्याला सतरा वर्षं झाली. ती परत गेलीच नाही. तिची पहिली वेणी, पहिला ताप, पहिली पाळी, दहावीचं ते भूमितीचं पाठांतर, सगळं त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत झालं. शाळेत पालकसभेला संध्या जायची. बाईंनी विचारलं, "आपण आई का?" तर ती "आत्या" म्हणायची, आणि दर वेळी ते म्हणताना तिला अर्ध्या श्वासाएवढा उशीर व्हायचा. आपल्या पश्चात आपलं जे काही उरेल त्यावर श्रुतीचं नाव असावं. हरेशला पैशाची ददात नव्हती, दोन इमारतींचं भाडं येत होतं, मुलीला काही कमी पडणार नव्हतं. पैशाचा प्रश्नच नव्हता मुळी. एखाद्या सरकारी कागदावर आपल्या नावापुढे तिचं नाव यावं, शिक्का बसावा, एवढंच होतं. हे ती कोणाला सांगणार? वेल्डिंगच्या सरांना? क्षिप्राला? तुम्हांला कोणी नाही ना, असं ती पोर म्हणाली तेव्हाही संध्याने श्रुतीचं नाव काढलं नव्हतं.

बस उलव्याच्या पुलावर आली. खाडीचा वारा आत शिरला, दुपारचा, गरम. तिला हरेशची आठवण झाली, आणि त्या दुसऱ्या सहीची. बाप, धर्मराज, गेला आणि पुढच्याच वर्षी साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मंजूर झाला. जमीन घेतली त्याच्या बदल्यात सरकारने द्यायचा तो तुकडा, बापाने सगळी हयात त्याच्या फेऱ्या मारण्यात घालवली. हरेश म्हणाला होता, "ताय, येक सही हाय फकस्त. सगल्यांच्या बहिनींनी केली." आणि ते खरं होतं. गावातल्या बहिणी एकापाठोपाठ एक उरणच्या निबंधक कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्र करून येत होत्या, भाऊ त्यांना साडी घ्यायचा, जेवायला घालायचा, त्या हसत घरी जायच्या. संध्या जेवणाच्या सुट्टीत गेली. वकिलाने पाचही पानांवर कुठे सही करायची ते दाखवलं, तिने केली, दहा मिनिटांत परत वर्गावर. संध्याकाळी हरेशने मोरपंखी पैठणी आणली आणि सरस्वतीने पापलेट तळले. सगळे किती आनंदात होते. त्या प्लॉटवर जी इमारत झाली तिच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली आत्याची म्हणून ठरली, तोंडी. तिला कधीही वाटलं नव्हतं की आपलं काही गेलं. आपण दिलं, असंच ती समजत होती. माणसाने आयुष्यात एकदा तरी काही मोठं द्यावं, तसं तिने दिलं होतं, आणि ते आठवलं की तिला बरं वाटायचं. आजही बसमध्ये तिला बरंच वाटलं.

बेलापूरला उतरून ती कचेऱ्यांच्या रस्त्याला लागली. काळे कोट, फायली, झेरॉक्सची दुकानं, त्यांपुढे मार्चअखेरची झुंबड. आपला विचार पक्का झालाय असं तिने स्वतःला बजावलं. पहिला पर्याय, नाव श्रुती हरेश घरत. पण जिना चढताना पुन्हा गोंधळ सुरू झाला. पुढच्या वर्षी आपला वर्गच राहणार नव्हता. शिवणकामाला प्रवेश कमी म्हणून तो अभ्यासक्रम बंद होणार होता आणि त्या खोलीत कुठल्याशा कंपनीच्या मदतीने ड्रोन दुरुस्ती सुरू होणार होती. निदेशकांना नव्या युगासाठी तयार करायचं म्हणून तिला आणि वेल्डिंगच्या सरांना दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे आकाश नावाचा चोवीस वर्षांचा एक गोड मुलगा त्यांना म्हणायचा, "सर, मॅडम, तुम्ही स्वतःला पाच वर्षांनी कुठे बघता?" वेल्डिंगचे सर म्हणाले, "सोलापुरात, शेतावर." सगळे हसले.  संध्याने प्रामाणिकपणे बघायचा प्रयत्न केला होता आणि तिला फक्त एक खोली दिसली, पडदे तिने स्वतः शिवलेले, आणि खोलीत आपण आहोत की नाही हे दिसेना. श्रुतीचंही तसंच चाललं होतं. तिच्या कॉलेजात नवं धोरण आलेलं, तीन वर्षांनी बाहेर पडलं तरी पदवी, चौथं केलं तर वेगळी पदवी. गेल्या रविवारी उशीवर कोपर टेकून तिने विचारलं होतं, "आत्या, मी काय करू, थांबू की निघू?" संध्या म्हणाली, "तुला काय वाटतं?" तर ती चिडली. "सगळे मलाच विचारतात. मला माहीत असतं तर तुला विचारलं असतं का?" किती बरोबर बोलली होती. हल्ली जो तो हातात चौकटी घेऊन उभा आहे आणि म्हणतो निवडा, तुमचाच निर्णय. पूर्वी कोणी विचारत नव्हतं तेव्हा निदान दोष द्यायला कोणीतरी असायचं.

दुसऱ्या मजल्यावर जयमाला नावाच्या कक्ष अधिकारी बसत होत्या, पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळं झालेल्या, टेबलावर औषधाची डबी. बोलायला मात्र चांगल्या. त्यांनी अर्ज वाचला, रजिस्टर उघडलं, संगणकात बघितलं. "तुमचं अजून वर गेलेलं नाही, नशीब तुमचं. बदलता येईल," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, पहिला पर्याय घेताय तर नामनिर्देशन बघा. इथे अजून धर्मराज घरत आहे. वडील का?" "हो. ते गेले. बरीच वर्षं झाली." "मग नवीन नाव द्या ना. नाहीतर पहिला घेऊन उपयोग काय?" त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. नाव, नाते, जन्मतारीख, आधार क्रमांक. संध्याने नाव लिहिलं. नाते, भाची. जन्मतारीख तिला वारासकट, वेळेसकट पाठ होती. आधार क्रमांक नव्हता. "फोन करून घ्या," जयमाला म्हणाल्या, "पाच वाजलेत, मी आहे." संध्या खिडकीपाशी गेली.

श्रुतीने तिसऱ्या रिंगला उचलला. मागे मुलींचा कलकलाट. "बोल गं आत्या." "तुझा आधार नंबर पाठव लगेच." "कशाला?" "अगं, बेलापूरला आलेय, पेन्शनचं आहे. नॉमिनी तुला करतेय." हे वाक्य बोलताना आपला आवाज कापेल असं तिला वाटलं होतं, पण ते अगदी भाजीचा भाव सांगावा तसं निघालं. पलीकडे कलकलाट लांब गेला, श्रुती कुठेतरी बाजूला गेली असावी. मग ती म्हणाली, "नको आत्या. माझं नाव नको घालूस."

"का गं?"

"नको म्हणजे नको. तू तुझ्यासाठी ते मरेपर्यंतवालं घे. तूच सांगितलं होतंस ना मला, दोन प्रकार आहेत म्हणून. ते घे आणि सगळं संपव."

"श्रुती, वेळ नाही माझ्याकडे, माणसं थांबलीत."

"पप्पांनी तुझी सही घेतली होती ना प्लॉटवर," श्रुती म्हणाली. आता ती भरभर बोलायला लागली, हे तिने मनात खूपदा म्हणून ठेवलेलं असावं. "हक्कसोड. बारावीनंतर अॅडमिशनचे कागद शोधताना मी बघितलं कपाटात. तेव्हापासून मला ना त्या घरात कसं तरी होतं. आपण सगळे तुझ्या वाट्यावर राहतोय आणि तुला एक खोली दिली म्हणून उपकार करतोय. मी नाही अजून काही घेणार तुझ्याकडून."

"अगं वेडे, मी आपखुशीने दिली ती सही."

"आपखुशीने म्हणजे काय आत्या? तुला कोणी विचारलं होतं? की नुसतं दाखवलं, इथे कर, इथे कर?"

 संध्याला वकिलाचं बोट आठवलं, पानावरून खाली खाली सरकणारं. हरेशने विचारलं होतं का? विचारलं असणार. काय शब्दांत? तिला मोरपंखी रंग आठवत होता, पापलेटचा वास आठवत होता, प्रश्न आठवत नव्हता. "रागावलीस?" श्रुती म्हणाली. "मी येते तुला घ्यायला. बेलापूरलाच आहेस ना? मी नेरूळला आहे, वीस मिनिटांत पोचते. खालीच थांब." आणि फोन ठेवला.

दिवसभर न आलेला राग तेव्हा आला, आणि आला तो त्या पोरीवर, जिच्यावर तिचा सगळ्यांत जास्त जीव होता. सणसणून राग आला. आयुष्यात आपण दिलेली अशी एकच गोष्ट तिच्याकडे होती, ती या मुलीने दोन मिनिटांत घेतली गेलेली गोष्ट करून टाकली. प्रेमाने केलं, न्यायाने केलं, सगळं मान्य. पण आता पैठणीचं काय करायचं? त्या संध्याकाळच्या हसण्याचं? हरेशच्या तोंडाकडे उद्या बघायचं कसं? आणि या रागाच्या खाली काहीतरी ऊबदारही होतं, ते तिला नाकारता येईना. एकवीस वर्षांच्या पोरीने आपल्यासाठी एवढी वर्षं मनात भांडण चालू ठेवलं. बायजाबाईसाठी कोणी भांडलं नव्हतं. म्हणजे आपलं कोणी आहे? असेल तर ते घ्यायला नाही का म्हणतंय? राग आणि माया अशी एकमेकांत अडकली की कोणतं टोक ओढावं ते तिला समजेना.  खाली रिक्षांची रांग पुढे सरकत होती.

"मॅडम," जयमालांनी हाक मारली. "मग? काय करायचं?"

संध्या परत येऊन खुर्चीत बसली. नामनिर्देशनाचा अर्धा भरलेला फॉर्म तिने दुमडला आणि पर्समध्ये ठेवला. "राहू दे," ती म्हणाली. "आहे तो दुसराच राहू दे."

"विचार करून सांगताय ना? मग नंतर नाही हं."

"नाही," संध्या म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे हो. राहू दे."

जयमालांनी अर्जावर 'अर्जदाराने स्वेच्छेने मागे घेतला' असं लिहिलं आणि सही घेतली. मग फाइल चाळता चाळता थबकल्या. "तुमच्याकडच्या मुलीने हा तक्ता कोराच पाठवलाय. कुटुंबाचा तपशील. दुसऱ्या पर्यायाला लागतो. भरून द्या आत्ताच." नवरा किंवा बायको, मुलगा, मुलगी, अवलंबून वडील, आई, अवलंबून भाऊ. सहा ओळी. "यात भाची...?" संध्याने विचारलं. "नाही बसत हो," जयमाला म्हणाल्या आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "नसेल तिथे निरंक लिहा. कोरं ठेवू नका, कोरं ठेवलं की परत येतं. आणि एकदा लिहून खाली रेघ ओढायची नाही, प्रत्येक ओळीत लिहायचं."

संध्याने स्वतःचं पेन काढलं. अक्षर तिचं चांगलं होतं, वीस वर्षं फळ्यावर मापं लिहून वळण लागलेलं. नवरा, निरंक. मुलगा, निरंक. फोन वाजला, श्रुतीचा मेसेज, निघाले. तिने वाचून फोन पालथा ठेवला आणि पुढच्या ओळीवर आली. मुलगी. तिचा हात चालत राहिला. 'श्रु' लिहून झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"अहो, दुसरा फॉर्म नाही माझ्याकडे," जयमाला म्हणाल्या. "खोडा तेवढं. पण खाडाखोडीवर बाजूला सही करा, नाहीतर कोणीतरी मागून बदललं म्हणतील."

संध्याने त्या एका अक्षरावर आडवी रेघ मारली. तरी ते वाचता येत होतं. बाजूला तिने छोटी सही केली, वाचून, पूर्ण शुद्धीत, आणि पुढे निरंक लिहिलं.